दाजीबॉल

रुखमाबाई मुनेश्वर हिच्या तोंडाला कडी नाही, असं आमच्या बोरी अरब गावात सगळेच म्हणतात, आणि ती स्वतःही ते मान्य करते. मनात आलं की ओठांवर आलंच. बहुतेक वेळा त्यानं लोक हसतात. एकदा मात्र त्यानं एक माणूस नऊ वर्षं गप्प झालं. ते माणूस म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, जमनाबाई.

दोघीही माझ्या हाताखालून गेलेल्या. मी नोकरीला लागलो त्या साली रुखमा पहिलीत होती. जमना दोन वर्षांनी आली. रुखमा पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि "गुरुजी, तुमच्या सदऱ्याची गुंडी तुटली" असं सांगून पुढचा पाढा म्हणायची. जमनाचं वेगळं. तिची पाटी कोणी ओढली तर ती रडायची नाही, भांडायची नाही, त्या मुलीशी बोलणं सोडायची. एक अबोला तर तिनं दिवाळीच्या सुट्टीत धरला तो होळीपर्यंत चालवला. मी समजूत घालायला गेलो, तर एवढीशी पोर मला म्हणाली, "गुरुजी, मी भांडून नाई राह्यली. मी फक्त बोलून नाई राह्यली."

चौथीनंतर दोघींची शाळा सुटली. रुखमा गावातच उकंडाच्या घरी गेली, जमना आर्णीला दिली. उकंडा जिनात, कापसाच्या कारखान्यात, काटेवाला. जन्मभर कापूस तोलला आणि बोलणंही तसंच, तोलून मापून. तो जमनाचा दाजी, मोठ्या बहिणीचा नवरा. आणि जमनाचा त्याच्यावर फार जीव.

आता त्या नऊ वर्षांच्या अबोल्याची गोष्ट. जमनाच्या थोरल्याचं, धम्मरत्नचं लग्न होतं. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, तरी लग्न ठरल्या तारखेला झालं. मंगल परिणय लागला, पंगत बसली. रुखमाच्या पानावर वरण आलं. तिनं वाढणाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, वरण वाढून राह्यला का हात धुवाले पाणी देऊन राह्यला?"

ओळीतली सगळी माणसं हसली. हसणं पुढच्या ओळीत गेलं, तिथून मागच्या दारी, चुलीपर्यंत गेलं. चुलीजवळ जमना होती. वरणात पाण्याच्या बादल्या तिनंच स्वतःच्या हातानं ओतल्या होत्या.

तिनं पंगत पार पाडली, पाहुणे लावून दिले, बहिणीला साडीही नेसवली. बोलली मात्र नाही, ती त्यानंतर नाहीच.

रुखमा दोनदा आर्णीला जाऊन आली. जमनानं पाणी दिलं, चहा दिला, पण बहिणीकडे पाहून एक शब्द नाही. जे काही बोलायचं ते उकंडातर्फे. "दाजी, याइले साखर चालते का, इचारा." आपल्या सख्ख्या बहिणीला, जिच्या बोटाला धरून ती लहानाची मोठी झाली तिला, 'याइले', म्हणजे 'यांना'! परगावच्या मास्तरणीला म्हणावं तसं. रुखमा मला म्हणाली होती, "गुरुजी, तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या तं मी गोड मानून घेतल्या असत्या. हे 'याइले' लय लागते."

*

२००७ सालचा पावसाळा सरला. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते वाचून कोणाला बरं वाटत नसे. कापसाला भाव नव्हता, पानं लाल पडत होती, वेचणीची कामं निम्म्यावर आली होती. गावात गाड्या मात्र पुष्कळ यायच्या. कोणी पाहणी करायला, कोणी धीर द्यायला. यवतमाळच्या एका संस्थेच्या उर्वशी मॅडम दर बुधवारी महिला मंडळात येऊन मनोधैर्यावर बोलत. बाई चांगली, तळमळीची. पाचव्या बुधवारी रुखमा उभी राहिली.

"मॅडम, रागावू नोका. पण मन खचू देऊ नोका, मन खचू देऊ नोका, असं ऐकून ऐकूनच मन खचून राह्यलं. काही खेळबिळ असंल तं सांगा."

उर्वशी मॅडमनी हे मनावर घेतलं, यात त्यांचा मोठेपणा. पुढच्या बुधवारी त्यांनी आसिम सरांना आणलं. हे खेळाचे शिक्षक, शिडशिडीत, कायम गळ्यात शिट्टी. आधी कबड्डीचा विषय निघाला. बायांनी एका आवाजात नाही म्हटलं. हातपाय मोडले तर उरलेला कापूस कोण वेचणार? मग सरांनी पिशवीतून एक रबरी चेंडू काढला आणि सांगितलं, "हा डॉजबॉल. यात कोणी कोणाला धरत नाही. फक्त चेंडूनं मारायचं आणि आपण चुकवायचं."

"काय बॉल?" रौशनबीनं विचारलं. ही जफर मिस्त्रीची बायको, गावातली सगळ्यात ऐसपैस बाई.

"डॉजबॉल."

"दाजीबॉल? अगे बाई, दाजी को मारने का खेल है क्या? फिर तो मैं रोज खेलूंगी!"

झालं. त्या दिवसापासून बोरी अरबात त्या खेळाचं नाव दाजीबॉल. उकंडा पानठेल्यावर दिसला की पोरं विचारत, "दाजी, तुमच्या नावाचा खेळ निंगाला म्हनते?" उकंडा सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा, एवढंच.

खेळ सोपा होता. मध्ये चुन्याची रेघ, दोन्हीकडे सहा सहा बाया. चेंडू अंगाला लागला की ती बाई बाद, म्हणजे बायांच्या भाषेत 'मेली'. पण मारलेला चेंडू जर कोणी वरच्यावर झेलला, तर मारणारी मेली आणि आपली एक मेलेली पुन्हा 'जिती' होऊन आत आली. चेंडू हातात घेऊन बसायचं नाही; दहा मोजायच्या आत टाकायचा, नाहीतर धरून बसणारीच मेली. वेळ संपताना ज्यांच्या जास्त बाया जित्या ते जिंकले.

सहा गावांच्या सहा चमू ठरल्या. दर रविवारी सामना, प्रत्येक चमूशी दोनदा, एकदा त्यांच्या गावी, एकदा आपल्या. मला गुणफलकाशेजारी खुर्ची मिळाली. यादी आली त्या संध्याकाळी रुखमा तो कागद घेऊन माझ्या घरी आली. आर्णीच्या चमूवर बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, हे जमना भगत कोनती?"

"तुझीच."

ती ओट्यावर बसली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"मंग तं झालंच. खेळामंधी कोनी गप राह्यते का? रागानं तरी बोलंल. एक शब्द, गुरुजी. मले फक्त एक शब्द पाह्यजे तिच्या तोंडचा. जिंको नाईतं हारो."

*

जिंकण्याची चिंता करण्याचं तसं कारणच नव्हतं. दारव्ह्याच्या पहिल्या सामन्यात आमच्या सहाही बाया चार मिनिटांत मेल्या. रौशनबीला मारायला कोणाला नेम धरावाच लागत नसे. दीपा, अंगणवाडीतली मदतनीस, चेंडू येताना दिसला की डोळे मिटून किंचाळायची. चेंडू तिला आवाजानं शोधून काढत असावा. तांड्यावरच्या मानीबाईचा हात जबर, पण तो गोफणीचा हात. तिचा पहिला चेंडू समोरच्या बायांच्या डोक्यावरून, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, शेजारच्या तुरीत गेला. तो शोधेपर्यंत सामना थांबला होता. आणि कर्णधार रुखमा? ती समोरच्या बाईला "काय वं, नवी साडी का?" असं विचारत असतानाच मेली.

दुसरा सामना आर्णीला. काळी-पिवळी जीपमध्ये बसून आम्ही गेलो. उकंडाही आला, बायकोच्या चमूचं पाणी आणि शेंगदाणे त्याच्याकडे. मैदानाच्या कडेला जमना उभी होती, साडीचा काचा मारलेला, केस घट्ट बांधलेले. रुखमा सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कशी हायस वं?"

जमना तिच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, "दाजी, याइले सांगा, तुमची बाजू हे नाई. थे तिकडची."

उकंडानं घसा साफ केला. "थे म्हनते का, आपली बाजू तिकडची."

"ऐकू आलं मले," रुखमा म्हणाली.

सामना सुरू झाला, आणि जमना काय खेळते ते आम्हाला दिसलं. ती आवाज करत नव्हती, घाई करत नव्हती. पाय रोवून, समोरचीच्या कमरेकडे पाहून मारायची. रौशनबी गेली, दीपा गेली, मानीबाई गेली, उरलेल्या दोघी गेल्या. रुखमा एकटी राहिली. चेंडू जमनाच्या हातात. दोघींमध्ये सात-आठ पावलं. रुखमानं हात पसरले.

जमनानं चेंडू शेजारच्या बाईला दिला. त्या बाईनं मारलं, रुखमा मेली, सामना संपला.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्या हसत होत्या. हरण्याची सवय लागायला दोन सामने पुरतात. रुखमा मात्र खिडकीकडे तोंड करून बसली होती. बोरी आली तेव्हा मला म्हणाली, "गुरुजी, पाह्यलं ना? मले बॉलनंबी मारत नाई ते."

खरंच होतं. चेंडू मारणं हेही एक प्रकारचं बोलणंच, आणि जमनानं ते सुद्धा राखून ठेवलं होतं.

*

चार सामने हरलो. मग जे झालं ते कोणी ठरवून केलेलं नाही. पाचव्या रविवारी सकाळी बाया वेचणीला गेल्या होत्या आणि तिथूनच तशाच मैदानावर आल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी म्हणजे पोटावर बांधलेली कापडाची झोळी. दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करायची आणि न पाहता ओटीत टाकायची. लाडखेडच्या एका बाईनं रुखमाच्या पोटाचा नेम धरून चेंडू मारला. रुखमाचे दोन्ही हात आपोआप आत वळले आणि चेंडू ओटीत गडप झाला. तिला स्वतःलाही दोन क्षण कळलं नाही. खाली पाहिलं, तर आत चेंडू.

"सर, हे काय म्हनाचं?" तिनं विचारलं.

आसिम सर विचारात पडले. चेंडू जमिनीला लागला नव्हता. "झेल," ते म्हणाले.

मारणारी मेली, रौशनबी जिती होऊन आत आली आणि आनंदानं इतकी नाचली की लगेच पुन्हा मेली. पण त्या दिवशी आम्ही जिंकलो. पुढच्या रविवारी सहाही जणी ओट्या बांधून आल्या. कोणाच्या ओटीची गाठ सैल, कोणाची घट्ट; रुखमानं रांगेत उभ्या करून सगळ्यांच्या गाठी तपासल्या, मी पूर्वी नखं तपासत असे तशा. मानीबाईची ओटी एवढी खोल होती की तीत गेलेला चेंडू काढायला हात कोपरापर्यंत घालावा लागे. ओळीनं तीन सामने जिंकलो. गावात फटाके उडाले. ज्या पानठेल्यावर महिनाभर कापसाच्या भावाखेरीज विषय नव्हता, तिथे लोक ओटीच्या खोलीवर वाद घालू लागले.

अर्थात तक्रार झाली. ती बरोबरच होती. यवतमाळला विचारणा गेली, उत्तर आलं: हातांनी किंवा अंगानं अडवलेला चेंडू तो झेल, झोळीत, पदरात, ओटीत घेतलेला नाही. तसा घेतला तर घेणारीच बाद. आधीचे निकाल कायम ठेवले, हे आमचं नशीब.

रौशनबी म्हणाली, "अब क्या, फिर हारना चालू." तसंच झालं. पुढचे दोन सामने आम्ही जुन्या पद्धतीनं, म्हणजे मन लावून, हरलो. तरी फरक पडला होता. दीपा आता एकच डोळा मिटायची. मानीबाईचे चेंडू तुरीत जायचे बंद झाले. आणि रुखमा चुकवायला शिकली होती. बोलत बोलतच चुकवायची.

*

शेवटचा सामना मार्चात, आमच्या गावी, आर्णीशी. आम्ही पाचव्या नंबरवर होतो आणि जिंकलो असतो तरी पाचवेच राहिलो असतो. आर्णीचं तसं नव्हतं. दिग्रसचे सामने संपले होते; जिंकलेल्या सामन्यांत आर्णी त्यांच्या बरोबरीत, पण आपसात दिग्रस वरचढ. आर्णी जिंकली तर पहिली, नाहीतर दिग्रस.

आदल्या दिवशी रुखमानं नवऱ्याला सांगितलं, "उद्या तुमी मैदानावर येऊ नोका."

"काहून?"

"तुमी असले का थे तुमच्याशी बोलते. तुमी नसले तं कोनाशी बोलंल?"

उकंडानं यावर विचार केला असावा. रविवारी तो जिनात जाऊन बसला.

त्या सकाळी रुखमाला फरदडीची, म्हणजे शेवटच्या मागास कापसाची, वेचणी होती. ती उशिरा, पळतच मैदानावर आली आणि ओटी तशीच कमरेला. आसिम सरांनी बोट दाखवलं. "सोडा ती." गाठ घामानं ओली होऊन बसली होती, सुटेना. सामन्याला आधीच उशीर झालेला. "मग मागे सरकवा," सर म्हणाले, आणि शिट्टी वाजली.

जमनानं आल्या आल्या चारी बाजूंना पाहिलं होतं. दाजी कुठे दिसले नाहीत. तिनं कोणाला विचारलं नाही.

असा सामना त्या हंगामात झाला नाही. मानीबाईनं तिघींना मारलं. दीपानं दोन्ही डोळे उघडे ठेवून एक झेल घेतला आणि घेतल्यावर किंचाळली. पण जमना होतीच. एकेक करून आमच्या पाच गेल्या. त्यांच्याही पाच गेल्या. शेवटी रेघेच्या अलीकडे रुखमा आणि पलीकडे जमना, आणि चेंडू जमनाच्या हातात. वेळ एका मिनिटाहून कमी. बरोबरी झाली तर आर्णीचा पहिला नंबर जात होता.

"मार वं जमने!" आर्णीच्या बाया ओरडल्या.

आसिम सर मोजू लागले. "एक... दोन..."

शेजारी चेंडू द्यायला कोणी उरलं नव्हतं. जमनानं पुन्हा कडेला पाहिलं, जिथे उकंडा शेंगदाणे घेऊन बसायचा. तिथे रिकामी जागा. मग तिची नजर माझ्यावर आली.

"गुरुजी, याइले सांगा, बाजूले व्हा. लागंल."

सगळं मैदान माझ्याकडे पाहू लागलं. मी म्हणालो, "जमना, मी रिटायर झालो. निरोपाची कामं बंद."

लोक हसले. "चार... पाच..."

रुखमा रेघेच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती. हात खाली सोडलेले. आणि ती काही बोलत नव्हती. पंचेचाळीस वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. वाटलं, आता काहीतरी म्हणेल, सगळे हसतील, आणि पुन्हा तेच होईल. पण ती गप्प उभी राहून बहिणीकडे पाहत राहिली.

"काय पूजा करून राह्यली का बॉलची?" आर्णीची एक बाई किंचाळली. "टाक ना वं!"

"सात... आठ..."

जमनाचा चेहरा लाल झाला होता.

"नऊ..."

आणि तिनं मारला. एवढ्या जोरानं तिनं पूर्ण हंगामात कोणाला मारलं नव्हतं. रुखमा वाचायला म्हणून वळली, त्या झटक्यासरशी मागे सरकवलेली ओटी पुढे आली, चेंडू धप्पकन आत जाऊन बसला, आणि लहानपणापासून कापूस वेचणाऱ्या हातांनी जे करायचं तेच केलं. दोन्हीकडून झाकून घेतला.

आसिम सरांच्या तोंडात शिट्टी, पण फुंकर नाही.

"ओटीत घेतला!"

हा आवाज जमनाचा होता. ती रेघ ओलांडून पुढे आली. "ओटीत घेतला तू! मनाई हाये ना? सगळ्याइले कागद आल्ता ना? चोट्टी!"

रुखमानं मान वर केली. "काय म्हनली?"

"चोट्टी म्हनली! लहानपनापासून अशीच. माह्या ओटीतला कापूस आपल्या ओटीत टाकून मायले दाखवे, का पाह्य मी किती येचला!"

"थे तं तू दमत होती म्हनून मी तुह्यं ओझं—"

"ओझं! नऊ वर्षं झाले, माह्या पोराच्या लग्नात चारशे मान्साइसमोर हासवलं तू मले!"

"तुले नाई हासवलं वं, वरणाले—"

"थे वरण मीच होती!"

हे वाक्य ऐकून कोणी हसलं नाही. जमनाला धाप लागली होती. "सकाळी डब्यात पाह्यलं तं डाळ अर्धी. कोनाले मांगू? पाव्हणे दारात. मी पानी टाकलं, पुन्हा पानी टाकलं. वाटलं, कोनी काही म्हनो, माह्यी बहीण हाये पंगतीत, थे सांभाळून घेईन. अन् पह्यलं तोंड उघडलं तं तूच."

रुखमा ओटीतला चेंडू धरून उभी होती.

"मले नाई दिसलं," ती म्हणाली. "मले दिसाले पाह्यजे होतं. मी हासवाले बोलून गेली. चुकलं माह्यं, जमने."

"मंग मागून येऊन का नाई सांगतलं?"

"दोनदा आल्ती! तू 'याइले' म्हनत बसली!"

"मंग काय म्हनू? आरती ओवाळू?"

"बाई," आसिम सर हळूच म्हणाले, "मॅच अजून—"

"थांबा हो सर!" दोघी एकदमच.

सरांना निकाल द्यायचा होता आणि नियम स्पष्ट होता. ओटीत घेतलेला झेल नाही, घेणारी बाद. ते रुखमाला समजावू लागले, तर तिनं चेंडू त्यांच्या हातात दिला. "मी मेली. लिहून टाका. आता आमाले बोलू द्या."

असा आर्णीचा पहिला नंबर आला. कप घ्यायला जमनाला हाका मारमारून बोलवावं लागलं. ती आली, कप घेतला, शेजारच्या बाईच्या हातात कोंबला आणि परत बहिणीपाशी गेली. तिथे सोळा वर्षांपूर्वीचं एक लुगडं आणि आईच्या पाणी भरायच्या पितळी गुंडाचं प्रकरण निघालं होतं. काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं चारदा हॉर्न वाजवला. पाचव्यांदा वाजवला तेव्हा जमना ओरडली, "जा रे बाबा तू! माह्यं अजून झालं नाई!" गाडी गेली. दोघी गावाकडे निघाल्या, रस्त्याच्या मधोमध, हातवारे करत. मागून येणाऱ्या बैलगाडीला बराच वेळ वाट मिळाली नाही.

पुढचं मला उकंडानं दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं. तो एका दमात एवढं बोलला हेच नवल.

दिवेलागणीला तो जिनातून घरी आला. आत भांडणाचा आवाज. दारातून पाहिलं, तर रुखमा भाकरी थापत होती, जमना तव्यावरची उलटत होती, आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींचं न ऐकता. त्याला पाहून दोघी क्षणभर थांबल्या. उकंडाला वाटलं, आपली पाळी आली. त्यानं घसा साफ केला आणि बायकोकडे वळून सवयीनं सुरुवात केली, "थे म्हनते का—"

"दाजी," जमना म्हणाली, "तुमी मधात नोका बोलू."

उकंडा जोडे न काढताच मागे फिरला, जफर मिस्त्रीच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसला, आणि जेवायला हाक येईपर्यंत, ती बरीच उशिरा आली, तिथे एकटाच हसत होता म्हणे.